मुंबईत जेवायला कुठं जावं?

(मंडळाच्या वर्धापनदिनी सभासद भगिनींपुढं केलेलं भाषण)



आपल्या मंडळात स्वयंपाकावर बोलायला वक्त्यांची वानवा नाही. समोरच्या पहिल्या दोन रांगांतल्या कुणाही बाईला उठवलं, तरी ती पुरणपोळीवर तासभर बोलेल आणि शेजारची तिला मधे तीनदा दुरुस्त करील. म्हणून चिटणीसबाईंनी 'आहार' हा विषय देताच मी म्हटलं, की मी घरच्या नव्हे, बाहेरच्या जेवणावर बोलेन. त्या जरा थबकल्या. मंडळाच्या व्यासपीठावरून हॉटेलांची जाहिरात, असं त्यांच्या मनात आलं असावं. जाहिरात मला कुणाचीच करायची नाही. पण आपण ज्या शहरात राहतो तिथं हर प्रांताचं माणूस येऊन राहिलं आणि येताना आपली चव बरोबर घेऊन आलं. ती चव शोधायची कशी, आणि आपण बायकांनी ती मुद्दाम का शोधायची, एवढंच मला सांगायचं आहे.

माझा अधिकार काय म्हणाल, तर आमची बुधवारची भिशी. भिशीचे पैसे दर महिन्याला एकीनं उचलायचे ही रीत. आम्ही बाराजणींनी सात वर्षांपूर्वी ठरवलं, की ते कुणीच उचलायचे नाहीत, सगळ्यांनी मिळून खाऊन टाकायचे. वार ठरवतानाच पहिली सभा गाजली. सोमवार शंकराचा, मंगळवार गणपतीचा, गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा. शुक्रवारी कुणाची सवाष्ण, रविवारी घरी सगळी माणसं. राहता राहिला बुधवार. तेव्हापासून महिन्यातून एक बुधवार आम्ही मुंबईत कुठंतरी जेवायला जातो. मिळकत कुणाची मोठी नाही, त्यामुळं पांढऱ्या टेबलक्लॉथच्या जागी आम्ही फिरकत नाही. त्याचं वाईटही वाटत नाही, कारण या शहराचं खरं अन्न तिथं शिजत नाही असं माझं मत झालं आहे.

कुठं शिजतं ते समजायला थोडं मागं जावं लागेल. मुंबईत माणूस आला तो पोटासाठी, आणि बहुधा एकटा आला. बायको-मुलं गावी, हा इथं दहाजणांबरोबर एका खोलीत. कोकणातला, साताऱ्याकडचा गडी गिरणीत लागला आणि त्याच्यासाठी लालबाग-परळमध्ये खानावळी निघाल्या. कापडबाजारात गुमास्ते म्हणून आलेल्या गुजराती मुलांसाठी काळबादेवीत भोजनालयं आणि महिन्याचे पैसे भरून जेवायचे क्लब निघाले. कचेरीत कारकुनी करायला मद्रास इलाख्यातून आलेले लोक माटुंग्यात राहिले, त्यांच्यामागं उडुपीचे स्वयंपाकी आले. इराणातून आलेल्या मंडळींनी नाक्यांवर चहाची दुकानं टाकली. नाक्याची जागा अशुभ म्हणून इतर दुकानदार ती घेत नसत, आणि इराण्याला मात्र तीच फळली, असं सांगतात.

म्हणजे बघा, मुंबईतलं प्रत्येक जुनं, चांगलं उपाहारगृह कुणातरी गैरहजर बाईच्या जागेवर उभं आहे. जिथं रांधणारी आई नव्हती, बायको नव्हती, तिथं ते निघालं. आणि रोज जेवणारं गिऱ्हाईक त्याच चवीत वाढलेलं, त्यामुळं फसवायची सोय नाही. सांबार एक दिवस बिघडलं तर शंभर जणांना कळणार.

यावरूनच आमची शोधायची रीत निघाली. कुणालाही "तुमच्याकडचं चांगलं कुठं मिळतं?" असं विचारू नये. माणूस मग पाहुण्यांना न्यायची, दिवे लावलेली, महागाची जागा सांगतो. त्याऐवजी विचारावं, "घरची मंडळी गावाला गेली, की तुम्ही कुठं जेवता?" लगेच खरं उत्तर येतं. हा प्रश्न मी मंगळदास मार्केटात कापड फाडणाऱ्याला विचारला आहे, दवाखान्यातल्या मल्याळी नर्सबाईंना विचारला आहे, आमच्या इमारतीतल्या सिंधी जोडप्याला विचारला आहे. एकदाही वाया गेला नाही. कोणत्या समाजाचं लग्न कोण रांधतं हेही विचारून ठेवावं. तो आचारी पुष्कळदा कुठंतरी लहानशी जागा चालवत असतो.

हल्ली फोनवर तारे मोजून लोक जागा ठरवतात. फोनला मी नावं ठेवत नाही. पत्ता, वेळ आणि मुख्य म्हणजे बंद असायचा वार त्यात नीट कळतो, नाहीतर पंचवीस मैलांचा खेप-फुकट प्रवास व्हायचा. पण तारे देणारा कोण, त्याच्या आईचं रसम कसं होतं, हे तारा सांगत नाही. मी तर तक्रारी आधी वाचते. "फार गर्दी", "वाढपी घाई करतो", "दुसऱ्याच्या टेबलावर बसवतात", अशा तक्रारी असल्या की आम्ही तिथं जातो. आणि ज्या पाटीवर उडुपी, पंजाबी, चायनीज, पावभाजी असं सगळंच लिहिलं आहे, ती मुदपाकखान्यात कुणाचीच नाही असं समजावं. (नातवंडांना मात्र नेमकी तीच जागा आवडते, त्याला इलाज नाही.) आत गेल्यावर पाटी वाचण्याआधी शेजारच्या चार टेबलांवर काय आहे ते पाहावं आणि तेच मागवावं. माटुंग्यात जाऊन पनीर मागवणाऱ्या बाईला आम्ही दंड ठेवला आहे.

माटुंग्याचं नाव निघालंच आहे, तर आधी तिथं चला. मध्य रेल्वेच्या माटुंगा स्टेशनाबाहेर, बाजाराच्या इमारतीत पहिल्या मजल्यावर, रामा नायक यांचं उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंग आहे, 1942 सालचं. आधी कुपन घ्यायचं आणि आपली पाळी येईतो थांबायचं. केळीच्या पानावर जेवण. भाज्या साध्या, तेल बेताचं, पण भात आला की खरी गंमत सुरू होते. आपल्याला वाटतं सांबार म्हणजे आमटी आणि रसम म्हणजे सार. तसं म्हणून जेवाल तर काही कळणार नाही. सांबार दाट, डाळीचं, भाज्यांचं. ते भाताला धरून राहतं. रसम पातळ, चिंच-टोमॅटोचं, मिरी-जिऱ्याचं. ते पानावर पळू लागतं आणि त्याला भाताचा बांध घालावा लागतो. आमच्यातल्या निम्म्याजणींनी पहिल्या दिवशी ते वाटीतून पिऊन टाकलं. वाढपी हसला नाही, वाटी पुन्हा भरून गेला. शेवटी ताकभात. आपल्या दहीभाताचीच ही बहीण.

आमच्यातल्या सर्वांत वडील सभासद तेव्हा 78 वर्षांच्या होत्या. जन्मात कधी पुरुषमाणूस बरोबर नसताना हॉटेलच्या टेबलाशी बसल्या नव्हत्या. वाढपी दुसऱ्यांदा भात घेऊन आला आणि त्यानं विचारलं, "आणखी वाढू?" त्या थोडा वेळ त्याच्याकडं पाहतच राहिल्या. मग आम्हांला म्हणाल्या, "अगं, हे वाक्य मी रोज म्हणते. मला कुणी म्हटल्याला किती वर्षं झाली, आठवत नाही."

माटुंग्यातच किंग्ज सर्कलजवळ कॅफे मद्रास आहे, 1940 सालचं. तिथली रसमवडा आणि नाचणीचा डोसा घ्यावा. सकाळी लवकर गेलात तर उभं राहावं लागणार नाही. कॉफी चिकरी घातलेली, पितळी किंवा स्टीलच्या पेल्यात-वाटीत येते. ती वरून ओतून गार करायची, फुंकर मारायची नाही. या भागातली काही घरं सोमवारी बंद असतात, हे ध्यानात ठेवावं.

काळबादेवीत ठाकर भोजनालय 1945 पासून आहे आणि फ्रेंड्स युनियन जोशी क्लबही तिथंच. दोन्हीकडं जिना चढावा लागतो. गुडघे दुखणाऱ्यांनी विचार करावा. फुलके येत राहतात, तुम्ही नको म्हणेपर्यंत. डाळ गोड म्हणून नाक मुरडू नका, तिच्यात चिंच-गुळाबरोबर आणखी काय आहे ते ओळखायचा प्रयत्न करा. आमची त्यावर परतीच्या गाडीत दादरपर्यंत चर्चा चालली होती.

इराणी आता फार थोडे उरले. धोबी तलावाजवळचं कयानी 1904 सालचं आहे, बॅलार्ड इस्टेटमधलं ब्रिटानिया 1923 चं. ब्रिटानियात दुपारच्या वेळी जावं आणि बेरी पुलाव घ्यावा. त्यात इराणी आंबट, लाल, मनुकेएवढी सुकी फळं असतात. कयानीत ब्रून मस्का चहात बुडवायचा, लाज धरायची नाही. या इराण्यांचे आपल्यावर उपकार आहेत असं मी मानते. जुन्या मुंबईत पाट्यांवर 'हिंदू', 'ब्राह्मणी' असं लिहिलेलं असे. ज्या काळात कुणी कुणाच्या हातचं घ्यायचं यावरून घरं मोडत होती, त्या काळात इराण्याच्या संगमरवरी टेबलाशी कोण कुणाशेजारी बसलं आहे हे तो विचारत नव्हता.

भेंडीबाजार म्हटल्यावर दोघीजणी आमच्यातही गप्प झाल्या होत्या. मी त्यांना म्हटलं, मांसाहार नका करू, पण या तर खऱ्या. 1923 पासूनच्या नूर मोहम्मदीत नळी-निहारी खाणाऱ्यांनी खाल्ली. ती रात्रभर मंद आचेवर शिजलेली असते. शाकाहारी मंडळी मिनारा मशिदीजवळ सुलेमान उस्मानच्या मिठाईच्या दुकानी गेली आणि मातीच्या शिकोऱ्यातली फिरनी खाऊन आली. हे दुकान 1936 सालचं. एक सूचना: तिकडच्या मालपुव्यात अंडं असतं. चालत नसेल त्यांनी आधी विचारावं. विचारलं तर दुकानदार खरं सांगतो, आणि राग मानत नाही. रमजानच्या रात्री तिथं बायका-पोरं मिळून सगळा मोहल्ला खात असतो. त्या गर्दीत मला जितकं निर्धास्त वाटलं, तितकं आपल्या स्टेशनाबाहेर रात्री नऊ वाजता वाटत नाही.

1947 च्या फाळणीनंतर जी माणसं घरदार सोडून आली, त्यांच्या चवी शीव कोळीवाड्यात, चेंबूरच्या कँपात आणि पुढं उल्हासनगरात सापडतात. छावणीच्या बराकींत राहून ज्यांनी पहिला धंदा केला तो बहुतेक खाण्याचाच, कारण भांडवल लागतं ते चुलीचं आणि हाताच्या चवीचं. सिंध्यांचा डाळ-पकवान हा न्याहारीचा पदार्थ आहे. कडक, फुगू न दिलेली मैद्याची पुरी आणि वर घट्ट हरभऱ्याची डाळ, चिंचेची चटणी, कांदा. तो सकाळी दहाच्या आत खावा. आमच्या सिंधी शेजाऱ्यांनी ही वेळ सांगितली नसती तर आम्ही दुपारी गेलो असतो आणि उरलंसुरलं खाऊन नावं ठेवत आलो असतो.

दर पिढीला नवी माणसं येतात. कलिना, वाकोला या बाजूला ईशान्य भारतातून आलेली मुलं-मुली राहतात. त्यांच्याही लहान लहान खाणावळी निघाल्या आहेत. वाफवलेल्या भाज्या, बांबूचे कोंब, तेल जवळजवळ नाहीच, आणि मिरची अशी की आपली संकेश्वरी लाजावी. मणिपूरच्या एका मुलीला मी माझा ठरलेला प्रश्न विचारला. ती म्हणाली, "मावशी, घरचे गावाला गेले नाहीत, मीच गावाहून आले आहे." शंभर वर्षांपूर्वी गिरणीतल्या गड्यानं हेच उत्तर दिलं असतं.

आणि काही अन्न हॉटेलात मिळतच नाही, हेही सांगायला हवं. जे समाज मुळापासून इथले, त्यांना खानावळीची गरजच पडली नाही. त्यांची घरं इथंच होती. पाठारे प्रभूंचं भानोलं, सीकेपींचं निनावं, ईस्ट इंडियनांचा उन्हाळ्यात कुटून बाटल्यांत भरलेला मसाला, बेने इस्रायलांचा मलिदा, यासाठी ओळखच काढावी लागते. वांद्र्याच्या एका ईस्ट इंडियन बाईंनी आम्हा बाराजणींना घरी बोलावून फुगे खाऊ घातले. पैसे घेतले नाहीत. परतफेड म्हणून आम्ही त्यांना पुरणपोळीला बोलावलं, आणि पहिल्या दोन रांगांतल्या मंडळींचं भाषण त्यांनीही ऐकलं.

आता जो आक्षेप तुमच्या मनात आहे तो मी बोलून टाकते. "घरी काय कमी आहे, की बाहेर खावं?" माझ्या सासूबाई हेच म्हणत, आणि त्यांच्या काळी ते खरं होतं, कारण बाहेर बायकांना जागाच नव्हती. पुरुष बाहेर बसत आणि आम्ही पडद्याआडच्या 'फॅमिली रूम'मध्ये. तिथला पंखा बंद आणि वाढपी विसरलेला. आता पडदे गेले. तरी मी तुम्हांला एक विचारते. घरातली बाई गावाला गेली की यजमान कुठंतरी गरम जेवतात. आणि यजमान गावाला गेले की आपण काय जेवतो? कालचा भात आणि लोणचं. एकटीपुरतं काय करायचं, म्हणतो. एकटीसाठी गॅस पेटवणं आपल्याला उधळपट्टी वाटते. ही सवय आपल्या हाडांत गेली आहे, आणि डॉक्टर रक्त तपासून जे आकडे सांगतात त्यांत ती दिसते.

शिवाय दुसऱ्याचं रांधलेलं खाताना आपल्याला त्या कामाची किंमत कळते. गिरणगावात खानावळी चालवणाऱ्या बायका पहाटेपासून दहा-वीस गड्यांचे डबे करत. पगार झाला की पैसे मिळणार, तोवर वाण्याची उधारी आणि सावकाराचं व्याज. 1975 साली प्रेमा पुरव यांनी या बायकांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं आणि त्यांना बँकेचं कर्ज मिळवून दिलं. 1982 च्या संपात गिरण्या थांबल्या, तेव्हा गड्यांबरोबर या बायकांच्याही चुली थंडावल्या. त्यांची बाकी कुठल्या मागणीपत्रात नव्हती. शहराला जेवू घालणाऱ्या बायकांची नावं पाटीवर क्वचितच येतात. ताडदेवचं स्वाती स्नॅक्स 1963 साली मीनाक्षी झवेरी यांनी सुरू केलं. जहांगीर कलादालनातलं समोवार उषा खन्ना यांनी 1964 पासून चालवलं, ते 2015 साली बंद झालं. खोताच्या वाडीतलं अनंताश्रमही गेलं. आमच्या यादीतल्या दोन जागा आमची पाळी येण्याआधीच बंद झाल्या, म्हणून आता जुन्या जागा आधी आणि नव्या नंतर, असा क्रम आम्ही लावला आहे.

एक व्यवहाराची गोष्ट राहिली. जागा ठरवताना बायकांसाठी स्वच्छतागृह आहे का, हे आम्ही फोन करून आधी विचारतो. सुरुवातीला पलीकडचा माणूस गोंधळून जाई. एका ठिकाणी मालकानं सांगितलं, "आमच्याकडं बायका येत नाहीत, म्हणून नाही." आमच्या खजिनदारबाईंनी उत्तर दिलं, "नाही, म्हणून येत नाहीत." तीन महिन्यांनी त्या मालकाचा फोन आला, की आता सोय केली आहे, या. आम्ही गेलो. जेवण बरं होतं, मासळी ताजी, सोलकढी मात्र पाणचट. तेही त्यांना सांगून आलो.

आता एक मागणं. बाराजणींची भिशी यंदापासून चोवीसजणींची करावी असं ठरलं आहे. पुढल्या महिन्याचा दुसरा बुधवार, सकाळी साडेआठला स्टेशनावर तिकीटखिडकीपाशी जमायचं. शीव कोळीवाड्याला न्याहारी, नंतर माटुंग्याचा फुलबाजार आणि दुपारचं पान रामा नायकांकडं. ज्यांना यायचं असेल त्यांनी आज जाण्यापूर्वी खजिनदारबाईंकडं नाव द्यावं. गुडघे, मधुमेह, उपास जे काही असेल ते नावापुढं लिहावं. आणि त्या दिवशी घरच्यांसाठी पहाटे चारला उठून पोळ्या लाटून यायचं नाही. त्यांना मी माटुंग्याचा पत्ता देईन.